उपचार संपल्यावर राहायचं कुठे? स्त्रियांच्या सोबर होमची ओळख

व्यसनमुक्तीबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा डिटॉक्सबद्दल, म्हणजे शरीरातून नशा उतरवण्याबद्दल, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांच्या उपचारांबद्दलच बोलतो. बाई केंद्रात दाखल झाली, नशा उतरली, घरी परतली, की झालं. पण ज्या या वाटेने गेल्या आहेत त्यांना विचारा. अवघड दिवस घरी परतल्यावरच सुरू झाले, असं त्यांतल्या कितीतरी जणी सांगतील.

याचं कारण शरीरातच आहे. दारू बंद केल्यावरची थरथर, घाम, मळमळ पहिल्या दिवसातच सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. भ्रम होऊन माणूस सैरभैर होण्याची जीवघेणी अवस्था आलीच, तर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते. आठवडाभरात शरीर सावरू लागतं. मेंदूला मात्र इतकी घाई नसते. झोप महिनोन्‌महिने विस्कटलेली राहते, चिडचिड होते, कशातच आनंद वाटत नाही. एखादा वास, एखादा रस्ता, संध्याकाळची एक ठरावीक वेळ एवढ्यानेही तलफ उसळते. मानसोपचारातल्या निदानाच्या नियमांनुसार तलफ सोडून व्यसनाची बाकीची लक्षणं तीन महिने दिसली नाहीत, तर त्याला सुरुवातीची मुक्ती म्हणतात. ती टिकली असं म्हणायला पूर्ण वर्ष जावं लागतं. उपचार केंद्रातला मुक्काम यातले काही आठवडेच झाकतो.

उरलेले महिने कुठे काढायचे? बऱ्याच जणींसाठी घर हीच सर्वांत धोक्याची जागा असते. रोज संध्याकाळी बाटली उघडणारा जोडीदार तिथेच असतो. मारहाण झाली ती खोली तिथेच असते. किंवा यातलं काहीच नसतं, फक्त तिच्यावर बारीक नजर ठेवून असलेली, प्रत्येक शिंकेचा अर्थ लावणारी घाबरलेली माणसं असतात. या मधल्या काळासाठी सोबर होम असतं.

हे घर म्हणजे नेमकं काय?

नशा न करण्याचं ठरवलेल्या माणसांनी एकत्र राहण्याचं हे साधं घर. इथे वॉर्ड नसतो, ड्युटीवर डॉक्टर नसतो. राहणाऱ्या बायका भाडं भरतात, नोकरीला किंवा शिकायला जातात, स्वयंपाक आणि झाडलोट आपापसांत वाटून घेतात. समुपदेशन किंवा औषधोपचार चालू असतील, तर त्यासाठी बाहेर जातात आणि रात्री परत येतात. घराची म्हणून अट एकच असते, या छताखाली आणि छताबाहेरही नशा करायची नाही. बाकीचे नियम त्या अटीला सांभाळण्यासाठी असतात.

अशा घरांचा सर्वांत परिचित नमुना अमेरिकेतला आहे. १९७५ साली मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग इथलं एक सरकारी हाफवे हाउस, म्हणजे उपचार आणि घर यांच्या मधल्या काळात राहण्याची जागा, पैशांअभावी बंद होणार होतं. तिथे राहणाऱ्या पॉल मॉलॉय आणि त्यांच्या सोबत्यांनी ती जागा स्वतःच भाड्याने घेतली आणि पगारी व्यवस्थापकाशिवाय चालवून दाखवली. तेच पहिलं ऑक्सफर्ड हाउस. त्यांची तत्त्वं आजही तीच आहेत. कारभार मतदानाने चालतो, खर्च सगळे मिळून उचलतात आणि जो पुन्हा नशा करेल त्याला घर सोडावं लागतं. किती महिने राहायचं याला मर्यादा नाही. पुरुषांच्या घरापासून सुरू झालेल्या या पद्धतीत पुढे स्त्रियांची आणि मुलांसह राहणाऱ्या स्त्रियांचीही घरं आली.

सगळी सोबर होम्स अशी स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी नसतात. अमेरिकेत २०११ साली स्थापन झालेल्या एका राष्ट्रीय संघटनेने अशा घरांच्या चार पातळ्या ठरवल्या. पहिलीत राहणाऱ्यांचाच कारभार. दुसरीत हाउस मॅनेजर असते, बहुधा स्वतः या वाटेने आलेली. तिसरीत प्रशिक्षित कर्मचारी आणि ठरलेला दैनंदिन कार्यक्रम असतो. चौथीत उपचारही घरातच मिळतात. नुकतीच डिटॉक्समधून आलेली, हातात काम नसलेली बाई थेट पहिल्या पातळीच्या घरात गेली तर तिला ते फार मोकळं वाटू शकतं. दीड वर्ष सोबर असलेल्या बाईला तिसऱ्या पातळीचं घर गुदमरवून टाकेल. निवड करताना आधी हे पाहावं. घराचं नाव आणि फोटो नंतर.

याचा उपयोग होतो का, या प्रश्नाला बऱ्यापैकी भक्कम उत्तर आहे. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातले लेनर्ड जेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार संपवून निघालेल्या १५० जणांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला ऑक्सफर्ड हाउसमध्ये जागा मिळवून दिली, दुसऱ्याला नेहमीची पुढची मदत दिली. यांत निम्म्याहून जास्त स्त्रिया होत्या. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर घरात पाठवलेल्या गटातले सुमारे ३१ टक्के लोक नशा करत होते, दुसऱ्या गटातले सुमारे ६५ टक्के. घरातल्या गटाची कमाई जास्त होती आणि तुरुंगात असलेल्यांचं प्रमाण कमी होतं. सहा महिन्यांहून अधिक राहिलेल्यांना फायदा जास्त झाला. ३१ टक्के हा आकडा लहान नाही, आणि तो लपवूही नये. घर कुणाला हमी देत नाही. पण राहण्याची जागा बदलल्याने एवढा फरक पडत असेल, तर राहण्याची जागा हाही उपचाराचाच भाग मानायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

स्त्रियांचं घर वेगळं का?

शरीरापासून सुरुवात करू. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, त्यामुळे तितकीच दारू प्यायली तरी रक्तात ती जास्त दाट होते. यकृताचं नुकसान कमी वर्षांत आणि कमी प्रमाणात पिऊनही होतं. उपचारांना आलेल्या स्त्रियांमध्ये वारंवार असंही दिसलं आहे, की पहिल्या घोटापासून व्यसनापर्यंतचा प्रवास त्यांच्या बाबतीत आखूड असतो. गोळ्यांचंही तसंच. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त लिहून दिल्या जातात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरची गोळी आहे म्हटल्यावर घरात कुणाला संशय येत नाही. म्हणून सोबर होममध्ये येणाऱ्या बायकांमध्ये कधीच रस्त्यावर न पडलेल्या, कधीच कामावर दांडी न मारलेल्या, सगळं झाकून वर्षानुवर्षं पिणाऱ्या किंवा गोळ्या घेणाऱ्या पुष्कळ असतात. आपलं व्यसन खरं व्यसन आहे का, याचीच त्यांना खात्री नसते.

मात्र वेगळ्या घराचं मुख्य कारण सुरक्षितता हेच आहे. व्यसनात अडकलेल्या स्त्रियांमध्ये मारहाण आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्यांचं प्रमाण फार मोठं आहे. ज्या घरात रात्री पुरुषाच्या पावलांचा आवाज आला की छातीत धडधडतं, तिथे झोप लागणार नाही. आणि झोप नसेल तर सोबर राहणं दुप्पट कठीण. मिश्र गटात बायका आपल्या नशेबद्दल बोलतात, पण ती नशा कशावरचा उतारा म्हणून सुरू झाली याबद्दल गप्प बसतात. फक्त बायका असल्या की ते हळूहळू बाहेर येतं.

आणखी एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. व्यसन सोडणाऱ्यांच्या मदत गटांमध्ये जुने सदस्य नव्याने आलेल्या, हळव्या अवस्थेतल्या बाईशी सलगी करतात. गटांच्या बारा पायऱ्यांच्या पद्धतीवरून तिथले लोक याला 'तेरावी पायरी' म्हणतात आणि ती सगळ्यांना माहीत असते. स्त्रियांचं घर यापासून काही काळ आडोसा देतं. पहिल्या वर्षात नवं प्रेमप्रकरण सुरू करू नका, हा मदत गटांतला जुना सल्ला आहे. तो अनेकींना जाचक वाटतो. पण सुरुवातीच्या महिन्यांत भावना आधीच उघड्यावर असतात, आणि नातं तुटलं की त्यासोबत सोबर राहणंही तुटतं, असं या घरांमध्ये पुन्हापुन्हा दिसतं. मी या सल्ल्याच्या बाजूची आहे.

पद्धतीबद्दलही थोडं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हा दारू सोडणाऱ्यांचा मदत गट १९३५ साली सुरू झाला तो दोन पुरुषांच्या भेटीतून. त्यांची बारा पायऱ्यांची पद्धत स्वतःची हतबलता कबूल करण्यापासून सुरू होते. मार्टी मान १९३९ साली तिथे आल्या तेव्हा स्त्रिया अगदी मोजक्या होत्या. पुढे १९४४ मध्ये त्यांनी मद्यासक्ती हा आजार आहे हे लोकांना पटवणारी राष्ट्रीय चळवळ उभारली. १९७५ साली जीन कर्कपॅट्रिक यांनी विमेन फॉर सोब्रायटी ही संघटना काढली. आयुष्यभर कमी लेखल्या गेलेल्या बाईला आणखी लीन व्हायला सांगून उपयोग नाही, तिला स्वतःच्या ताकदीची ओळख करून द्यायला हवी, अशी त्यांची भूमिका होती. आज कुठल्या घरात बारा पायऱ्यांची पद्धत असते, कुठे दुसरी, कुठे मोकळीक. स्वतःला काय मानवतं हे बाईने ठरवावं.

एक साधा दिवस

सकाळी प्रत्येकीने अंथरूण आवरायचं. ऐकायला शाळेच्या वसतिगृहासारखं वाटतं, पण नशेच्या दिवसांत सकाळ नावाची गोष्टच उरलेली नसते, म्हणून हा नियम जवळजवळ प्रत्येक घरात आहे. मग कामं. भिंतीवर तक्ता असतो, या आठवड्यात स्वयंपाकघर कुणाचं, न्हाणीघर कुणाचं, कचरा कुणाचा. दिवसा नोकरी, वर्ग किंवा नोकरीचा शोध. दिवसभर घरात लोळत राहायला बहुतेक घरं परवानगी देत नाहीत. रिकामी दुपार घातक असते. आठवड्यातून मदत गटाच्या ठरावीक मीटिंगना जायचं, कुठे गेलो ते वहीत लिहायचं, रात्री ठरल्या वेळेच्या आत परतायचं. पहिल्या काही आठवड्यांत ही वेळ लवकरची असते आणि रात्री बाहेर मुक्काम करता येत नाही. विश्वास बसत गेला की सैल होत जातं.

खोली बहुधा दुसरीबरोबर वाटून घ्यायची असते. यावर सर्वांत जास्त कुरकुर होते, आणि कुरकुरीला अर्थ आहे. तरी एकटीची खोली नवख्या बाईसाठी चांगली नसते. रात्री दोन वाजता तलफ उठली की शेजारच्या पलंगावर कुणीतरी जागं होतं, एवढ्याने रात्र निघून जाते. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत टिकते आणि ओसरते. तेवढा वेळ बोलायला कुणी असलं तर पुरतं. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चौघांपैकी कोण आलंय ते आधी बघ, असं जुन्या बायका नव्यांना सांगतात. खूपदा उत्तर जेवणात किंवा झोपेत सापडतं.

काही नियम बाहेरच्याला विचित्र वाटतात. दारूचा अंश असलेलं माउथवॉश, काही खोकल्याची औषधं, सुगंधी अर्क घरात आणायचे नसतात. कारण नशा केली का हे पाहणारी चाचणी. लघवीच्या ज्या चाचणीत दारू पचल्यावर उरणारा पदार्थ शोधतात, ती प्यायल्यानंतर दोन-तीन दिवस, कधी जास्तही, खूण दाखवते, आणि ती इतकी संवेदनशील असते की अशा वस्तूंचा भरपूर वापरही तिच्यात उमटू शकतो. खसखस खाल्ल्यावर अफूजन्य पदार्थांची चाचणी सकारात्मक येऊ शकते. म्हणून पहिल्या चाचणीवरून कुणाला बाहेर काढू नये, प्रयोगशाळेत पक्की चाचणी करून घ्यावी. चांगली घरं तसंच करतात. नमुना घेताना दुसऱ्या बाईने समोर उभं राहणं हा प्रकार अत्याचार सोसलेल्या बाईसाठी फार त्रासाचा असतो. त्याला तोंडातल्या लाळेच्या चाचणीसारखे पर्याय आहेत. ते वापरता का, हे विचारायला लाजू नये.

आठवड्यातून एकदा सगळ्या एकत्र बसतात. घराची मीटिंग. हिशेब, नवे अर्ज, तक्रारी. माझ्या मते घराचं खरं काम इथे होतं. वरवर पाहता भांडण असतं ते कुणी भांडी ठेवली, कुणी मोठ्याने फोनवर बोललं याचं. पण या खोलीत बसलेल्या अनेक जणींनी आयुष्यभर एकच कला शिकलेली असते, समोरच्याचा पारा पाहून गप्प बसायचं. मग राग आत साठवायचा आणि रात्री तो पिऊन टाकायचा. दुसरीकडे, दबलेलं सगळं एकदम फोडायचं एवढंच ज्यांना जमतं अशाही असतात. "तू माझं दूध न विचारता वापरलंस, मला राग आला," हे आवाज न चढवता सांगणं, समोरचीने ते ऐकून घेणं आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी त्याच स्वयंपाकघरात चहा करणं, यात जे शिकायला मिळतं ते समुपदेशकाच्या खोलीत मिळत नाही. तिथे दूध कुणी चोरत नाही. म्हणूनच मॅनेजरने प्रत्येक भांडण स्वतः मिटवणारं घर मला फारसं पटत नाही.

पैशांचा व्यवहारही याच मीटिंगमध्ये चालतो. ज्या घरांचा कारभार राहणाऱ्यांकडे असतो तिथे कुणी खजिनदार होते, कुणी सचिव. व्यसनात स्वतःची पर्सही सांभाळता न आलेली बाई दहा जणींच्या भाड्याचा हिशेब ठेवते. तिच्यावर नजर असते, दोन सह्या लागतात, हे खरं. पण काम तिचं असतं.

औषधांचा वाद

अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं आहेत. २००५ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ही औषधं चालू असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. तरीही कितीतरी सोबर होम्स अशा बाईला दारातूनच परत पाठवतात. 'एक नशा सोडून दुसरी' असं त्यांचं म्हणणं. हे चूक आहे आणि जीवावर बेतणारं आहे. ठरावीक मात्रेत घेतलेल्या या औषधाने नशा चढत नाही, शरीर स्थिर राहतं, माणूस काम करू शकतो. गरोदर बाईने तर अफूजन्य पदार्थ अचानक थांबवू नयेत, औषधाच्या आधाराने स्थिर राहावं, असाच वैद्यकीय सल्ला आहे, कारण अचानक थांबवल्याने पुन्हा नशेकडे वळण्याची शक्यता आणि आई-बाळ दोघांनाही असलेला धोका वाढतो. 'आमच्याकडे औषधं चालत नाहीत' म्हणणाऱ्या घरासाठी औषध बंद करू नका, दुसरं घर शोधा. डिप्रेशनच्या आणि इतर मानसिक आजारांच्या औषधांनाही हेच लागू.

घरात औषधं कुलपाच्या डब्यात ठेवायची असतात आणि मोजदाद होते. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. बाजूच्या पलंगावरच्या बाईसाठी ती गोळी मोह असू शकते.

घसरली तर?

या घरांमधला सर्वांत कठोर नियम हाच. नशा केली की बाहेर. काही घरांत त्याच दिवशी, सामान बांधून. याच्या बाजूचं म्हणणं नीट समजून घ्यायला हवं. एका बाईने खोलीत बाटली आणली तर बाकीच्या सगळ्यांचं छप्पर धोक्यात येतं. त्यांतली एखादी कालच डिटॉक्समधून आलेली असते. दयेपोटी एकदा सूट दिली की पुढच्या वेळी नियम उरत नाही. राहणाऱ्या बायकाच अनेकदा या नियमावर सर्वांत ठाम असतात.

पण रात्री अकरा वाजता नशेत असलेल्या बाईला रस्त्यावर काढणं म्हणजे काय, याचाही विचार व्हायला हवा. काही आठवडे अफूजन्य पदार्थ न घेतलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. बाई रस्त्यावर असेल तर त्याच्या जोडीला हिंसेचा धोका. नियम घराबाहेर जाण्याचा असो, पण जाण्याची जागा आधीच ठरलेली असली पाहिजे. चांगल्या घरात प्रवेशाच्या दिवशीच हे कागदावर लिहून घेतात. घसरले तर कुणाला फोन करायचा, कुठल्या केंद्रात न्यायचं, सामान कोण ठेवेल. श्वास मंदावल्यावर अफूजन्य पदार्थांचा परिणाम उलटवणारं नालॉक्सोन घरात ठेवलेलं असतं आणि ते नाकात कसं मारायचं हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. दारू किंवा झोपेच्या गोळ्या रोज घेऊ लागलेल्या बाईला अचानक बंद करायला लावलं तर फिट येऊ शकते, म्हणून तिला दवाखाना लागतो, नुसतं बाहेर काढून चालत नाही. नियम टिकवणं आणि माणूस वाचवणं, या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळता येतात. ज्यांना त्या सांभाळता येत नाहीत त्यांनी घर चालवू नये.

आणि घसरल्यावर स्वतःहून सांगणारी बाई आणि महिनाभर लपवणारी बाई यांच्यात घराने फरक करावा. पहिलीला उपचारांकडे पाठवून काही आठवड्यांनी पुन्हा अर्ज करू द्यावा. बरीच घरं तसं करतात. ज्या घरात खरं बोलण्याची शिक्षा खोटं बोलण्याइतकीच असते, तिथे सगळ्या खोटं बोलायला शिकतात.

मुलं

उपचार टाळण्यामागे स्त्रियांचं एक मोठं कारण मुलं हे असतं. त्यांना सांभाळणार कोण, आणि व्यसन कबूल केलं तर ती काढून घेतील का, ही दोन भीतींची गाठ. भीती निराधार नाही. अमेरिकेत १९९७ च्या कायद्यानुसार मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखरेखीत राहिलं असेल, तर काही अपवाद सोडता आईवडिलांचे हक्क संपवण्याची कारवाई राज्याने सुरू करायची असते. सावरायला वर्ष लागणाऱ्या आजारासमोर हे घड्याळ फार वेगाने चालतं. म्हणून तिथे कोर्टासमोर ठेवायला स्थिर पत्ता, चाचण्यांची नोंद, हजेरीची वही या गोष्टींना सोन्याची किंमत असते, आणि सोबर होम त्या मिळवून देतं.

मुलांसह राहता येईल अशी घरं थोडी आहेत आणि त्यांच्या यादीत नाव लागायला वेळ जातो. बाकीच्या घरांत भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात. पहिल्या भेटी अनेकदा वाईट जातात, हे आधीच माहीत असलेलं बरं. मूल जवळ येत नाही, किंवा निघताना पदर सोडत नाही, किंवा दहा वर्षांचं पोर विचारतं, "परत पिणार का?" त्या रात्री आईची तलफ उफाळते. घरातल्या बायकांना हे ठाऊक असतं, म्हणून भेटीनंतरची संध्याकाळ ती एकटी राहणार नाही याची त्या न सांगता सोय करतात. मुलाला उत्तर काय द्यायचं? "आज मी प्यायलेली नाही, आणि उद्यासाठी मला मदत करणारी माणसं आहेत," एवढं खरं आहे, तेवढंच सांगावं. वचनं त्याने आधी पुष्कळ ऐकलेली असतात.

घर कसं पारखायचं

या क्षेत्रात वाईट लोकही आहेत. फ्लोरिडात काही वर्षांपूर्वी उघडकीला आलेला प्रकार असा, की घरमालक फुकट राहण्याचं आमिष दाखवून माणसं गोळा करत, त्यांना ठरावीक उपचार केंद्रात पाठवून कमिशन घेत, आणि विमा कंपनीकडून पैसे उकळण्यासाठी आठवड्यातून अनेकदा लघवीच्या चाचण्या करवत. माणूस पुन्हा नशेला लागला तर यांचा धंदा वाढायचा. २०१८ साली अमेरिकेने अशा कमिशनविरुद्ध संघीय कायदा केला. तरी धडा सगळीकडे लागू आहे. राहायला फुकट, वर पैसे, आणि उपचार मात्र आम्ही सांगू तिथेच, असं कुणी म्हणालं तर जाऊ नका.

जागा पाहायला स्वतः जावं, शक्यतो संध्याकाळी, सगळ्या घरी असताना. मॅनेजर समोर नसताना राहणाऱ्या दोघीतिघींशी बोलावं. खोलीला आतून कडी आहे का, मालक किंवा दुरुस्तीवाला पुरुष न सांगता आत येतो का, किल्ल्या कुणाकडे असतात, हे विचारावं. नियम लेखी हवेत. अनामत परत कधी मिळते, बाहेर काढायचा निर्णय कोण घेतं, त्यावर दाद मागता येते का, हेही लेखी हवं. ओळखपत्र, बँकेचं कार्ड किंवा फोन कायमचा काढून घेणारं घर, बाहेर काम करायला लावून पगार स्वतःकडे ठेवणारं घर, आजारी असताना डॉक्टरकडे जाऊ न देणारं घर, ही सोबर होम्स नाहीत. तिथून निघावं.

घरच्यांसाठी एक सूचना. रोज फोन करून ती सोबर आहे का याची चौकशी करू नका. ते काम घर करतंय. तिला घरातल्या साध्या गोष्टी सांगा, तिच्या दिवसाबद्दल विचारा. आणि तिच्या परतण्याची तारीख ठरवून टाकू नका.

कारण निघायची वेळ कॅलेंडर सांगत नाही. ज्या घरांना मुदत नाही तिथे बायका काही महिने राहतात, काही जणी वर्षदोन वर्षं. काही खुणा मात्र असतात. भाडं भरण्याएवढं उत्पन्न काही महिने सलग टिकलंय का? वाईट दिवशी फोन करायला घराबाहेरची दोनतीन माणसं आहेत का? एकटीने घालवलेला सुट्टीचा दिवस आता भीतीदायक वाटतो का? जिथे जायचं तिथे पिणारं कुणी राहतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल, तर त्या पत्त्यावर परत जाण्यापेक्षा घरातूनच आणखी दोघीजणी निवडून तिघींनी मिळून लहान जागा भाड्याने घ्यावी. बऱ्याच जणी हेच करतात. मग नव्या जागेतही तक्ता लागतो आणि आठवड्याची मीटिंग चालू राहते. पुढचे काही महिने त्या जुन्या घराच्या मीटिंगलाही येतात, कारण एखाद्या आठवड्यात नव्या जागेतलं शांत स्वयंपाकघर जड होतं, आणि तेव्हा कुठे जायचं हे त्यांना माहीत असतं.